काच आल्याचं मी सांगितलं नाही

गाडीची मागची काच आईने फोडली, असं मी दोन दिवस भेटेल त्याला सांगत होते. गाडी चालवत मी होते, हे मात्र कुणाला सांगत नव्हते. राग आला की माझी रीत अशीच असते. चूक आधी दुसऱ्याच्या पदरात टाकून मोकळं व्हायचं, आणि मग सावकाश आपला वाटा शोधायचा.

गाडी हायब्रिड आहे. पेट्रोलवर चालते, आणि मन झालं की आपोआप बॅटरीवर जाते. जुनी घेतली तेव्हा ऑफिसात सगळ्यांनी मला वेड्यात काढलं. सोलापूरच्या उन्हात बॅटरीचं भरीत होईल म्हणाले. मी अठ्ठेचाळिसाव्या वर्षी गाडी चालवायला शिकले, आणि माझ्या एकटीच्या नावावर घेतलेली ही पहिली मोठी वस्तू, त्यामुळे तिच्यावर माझा जरा जास्तच जीव. आईला ती पटली नव्हती. सिग्नलला आवाज बंद झाला की ती माझ्याकडे बघायची. "ही चालू हाय का बंद पडली, हिचं हिलाच म्हाईत," म्हणायची.

आई नातेपुत्याची. वडील गेल्यावर नऊ वर्षं तिथे एकटी राहिली. मी तिची एकुलती एक. मागच्या दिवाळीनंतर ती अंगणात घसरून पडली, मनगट मोडलं, म्हणून मी तिला इकडे विजापूर रोडवरच्या आमच्या फ्लॅटमध्ये घेऊन आले. प्लास्टर निघालं तरी जाऊ दिलं नाही. "लेकीच्या घरी किती दिस राहायचं गं?" हे ती दर आठवड्याला विचारायची. आमच्याकडच्या जुन्या बायका लेकीच्या घरचं पाणीसुद्धा बिचकत पितात. जावई चांगला असो, वाईट असो, त्याचा काही संबंध नाही. आमचे हे तर खरोखर चांगले आहेत. तरी ताटातली भाकरी संपली की ती हात धुवायला उठायची, दुसरी म्हणून मागायची नाही.

मग ती काम शोधायला लागली. स्वयंपाकाला मी बाई लावलेली, कपड्यांना मशीन. गच्चीवर सोलर बसवल्यापासून सोसायटीने गच्चीला कुलूप घातलेलं. मार्चमध्ये ऊन तापायला लागलं तशी ती बेचैन झाली. गॅलरीत उभी राहून म्हणायची, "एवढं ऊन वाया चाललंय बग." जणू नळ उघडा राहिला होता.

एकदा भाजी आणताना मेथीची एक जुडी गाडीत मागच्या काचेखालच्या फळीवर राहून गेली. दुसऱ्या दिवशी बघितलं तर कुरकुरीत वाळलेली, रंग जसाच्या तसा. आईने ती हातात चुरगाळली, वास घेतला आणि गाडीकडे पहिल्यांदाच मानाने बघितलं. धूळ नाही, कावळा नाही, मांजर नाही आणि दिवसभर ऊन. त्या दिवसापासून आमच्या गाडीची मागची फळी म्हणजे तिची गच्ची झाली. मेथी झाली, लसूण झाला, सांडगे झाले. दह्यातल्या मिरच्या वाळत घातल्या तेव्हा तर गाडीत बसलं की ठसका लागायचा. ऑफिसातल्या बायका लिफ्ट मागायच्या बंद झाल्या. मी कुरकुरत होते, पण सांडगे खातही होते.

काच फुटली तो एप्रिलचा शेवटचा आठवडा. मला उशीर झाला होता. आरशात मागे पांढरं काहीतरी दिसलं, मला वाटलं पंचा असेल. पंचाच होता, पण त्याच्या आड चिनीमातीची बरणी होती. वीतभर उंचीची, तोंडाला फडकं बांधलेली, आत मिठात घातलेली वीसेक लिंबं. आईने ती नातेपुत्याहून येताना मांडीवर घेऊन आणली होती. बरणीच्या काठाचा टवका उडून तिथे धार आली होती, आणि नेमका तोच काठ काचेकडे होता.

आमच्या फाटकाबाहेर लगेच चढ आहे. बॅटरीवर असली की ही गाडी पहिल्या झटक्याला जोरात उचलते, आणि मी घाईत असले की माझा पायही जोरात पडतो. बरणी मागे कलंडली. मोठा आवाज वगैरे काही झाला नाही. टक्क, एवढंच. मग सगळी काच क्षणात पांढरी पडली आणि खडीसाखरेसारखी सीटवर, डिकीवर, रस्त्यावर ओघळली. लिंबाचा खार पंच्याने पिऊन घेतला, म्हणून सीट वाचली.

आई खाली आली. आणि मी पार्किंगमध्ये, चार लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "माझ्या घरात राहायचं असेल तर माझ्या पद्धतीनं राहा."

माझ्या घरात. हे दोन शब्द तोंडातून बाहेर पडले आणि मला कळलं की आता ते परत गिळता येणार नाहीत. सहा महिने ती जे मनात धरून बसली होती, तेच मी उघड्यावर म्हटलं होतं.

ती खाली बसली आणि काचेचे तुकडे वेचून पदरात घ्यायला लागली. "हाताला लागेल, ठेव ते," मी म्हणाले, तेसुद्धा ओरडूनच. लिंबं तिने एकेक उचलून बघितली. काचेचा कण गेला असेल या भीतीने सगळी टाकून द्यावी लागली. ती तिने स्वतःच टाकली.

संध्याकाळी घरी आले तर तिची कापडी पिशवी भरून दारापाशी ठेवलेली. "मला नातेपुत्याला सोड," ती म्हणाली.

"गाडीला काच नाही, आई."

"मग काच बसल्यावर सोड. नुकसान करून पळून गेली, असं नको."

म्हणजे काच बसेपर्यंत ती राहणार होती आणि काच बसली की जाणार होती. तिकडे घरात ती एकटी. उतरायला तीन पायऱ्या, मोडून जुळलेलं मनगट आणि शेजारची माणसं कामाला पुण्याला गेलेली, मागे त्यांची म्हातारी तेवढी. मला रात्री झोप लागेना, पण तोंडातून शब्द फुटेना. आमच्या घराण्यात माफी मागायची पद्धत नाही. चूक झाली की आम्ही चहा विचारतो. मी दिवसातून पाच वेळा चहा विचारला. ती घेत होती. मी तिच्या आवडीची शेंगाची चटणी आणली, पायाला तेल लावून देते म्हणाले. ती प्रत्येक वेळी "बरं" म्हणाली. पण तिने घरातल्या कशाला हात लावणं बंद केलं. निवडायची भाजी समोर असली तरी बघत राहायची. पाहुणी बाई गाडीची वाट बघत बसते, तशी सोफ्याच्या कडेवर बसायची. ती भांडली असती तर मला सोपं गेलं असतं.

काचेचं काम करणारे एक चाचा मला ऑफिसातल्या एकाने सुचवले. त्यांचं दुकान जुन्या गावात, शुक्रवार पेठेच्या बाजूला. फोटो पाठवला तेव्हा त्यांनी फोनवरच समजावलं. ही नुसती काच नाही. हिच्यात तापणाऱ्या रेघा आहेत, रेडिओची तार आहे, ती पुण्याहून मागवावी लागेल. मी म्हणाले, मागवा, आणि सावकाश मागवा. ते बुचकळ्यात पडले असतील. गिऱ्हाईक घाईच करतं.

तोवर मागे प्लॅस्टिकचा कागद चिकटवून मी ऑफिसला जात होते. तो कागद वाऱ्याने इतका फडफडायचा की सिग्नलला लोक वळून बघायचे. आई रोज सकाळी विचारायची, "आली का काच?" आणि मी म्हणायची, "नाही अजून."

सोमवारी दुपारी चाचांचा फोन आला. काच आली होती. उद्या येतो म्हणाले. मी ऑफिसच्या जिन्यात उभी होते. मी म्हणाले, "उद्या नको. शनिवारी या." ते कारण विचारू लागले तर मीटिंगचं काहीतरी सांगितलं. मंगळवारी सकाळी आईने विचारलं तेव्हा मी तिच्याकडे न बघता म्हणाले, "पुण्यातच अडकलीय." बुधवारी तेच. गुरुवारी तेच. आमच्या ह्यांना मी खरं सांगितलं होतं. ते म्हणाले, "लोक काच लवकर यावी म्हणून भांडतात. तू जगातली पहिली बाई असशील." मग म्हणाले, "एवढी उचापत करण्यापेक्षा तिला सरळ राहा म्हण की." सरळ म्हणता आलं असतं तर मी इतकी वर्षं अशी तिरकी कशाला वागले असते?

शनिवारी ऊन चढायच्या आत, सकाळी सातला चाचा काच घेऊन आले. पन्नाशीचे, बारीक अंगाचे, एका कानावर पेन्सिल. त्यांचा जोडीदार दुसऱ्या कामावर गेला होता. "मॅडम, काच बसवताना एक हात लागेल तुमचा," म्हणाले. आई माझ्या मागोमाग खाली आली होती. आठवडाभरात ती पहिल्यांदाच आपणहून उठून कुठे आली होती. पार्किंगमधल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून बघू लागली. मला वाटलं, काच बसली याची खात्री करून घ्यायला आली असावी.

चाचांनी सगळ्यात आधी डॅशबोर्डमध्ये डोकावून बघितलं. या गाड्या चालू असल्या तरी आवाज करत नाहीत, म्हणून डोळ्यांनी बघूनच हात घालायचा, म्हणाले. मग डिकीतल्या लहान बॅटरीची तार सोडली. मागची सीट उचलून बाहेर ठेवली आणि आतली मोठ्या करंटची नारंगी वायर मला लांबून दाखवली. "इसकू हात नक्को." तुकडे ओढून घ्यायला त्यांनी घरचा असतो तसला व्हॅक्यूम लावला. सीटच्या कडेला एक जाळी होती. गाडी घेतल्यापासून ती मला दिसत होती, पण ती कशासाठी आहे हे मी कधी विचारलं नव्हतं.

"ये गाडी का नाक है," चाचा म्हणाले. मोठी बॅटरी सीटच्या मागे असते, ती तापू नये म्हणून पंखा इथून हवा ओढतो. त्यांनी जाळी काढली, आतली गाळणी बाहेर ओढली, आणि आम्ही तिघं बघतच राहिलो. करड्या धुळीचा जाड थर, माझे केस, ओढणीचे धागे, काचेचे कण, आणि वर मेथीची चार पानं आणि लसणाचं एक साल.

आईचा चेहरा उतरला. "म्हंजे ह्येबी माझ्यामुळंच," ती म्हणाली.

चाचांनी लसणाचं साल दोन बोटांत धरून उजेडात बघितलं. "अम्मा, तुमचं एवढंच आहे. बाकी सगळं मॅडमचं. दोन साल में एक बार भी नई झाडे." मग माझ्याकडे वळून म्हणाले, मे महिन्यात बॅटरीचा दम कोंडला असता. काच फुटली म्हणून सीट उघडली, नाहीतर कळलंच नसतं. मी गाळणी घेऊन नळाकडे गेले. दुसऱ्याच्या पदरात टाकलेल्या चुकीतला माझा वाटा माझ्या हातात होता, आणि तो चांगलाच जाड होता.

मी परत आले तोवर चाचांनी काठावरचा जुना काळा डिंक पात्याने तासून सपाट केला होता. मग पुसून, वर प्रायमरचा एक पातळ हात देऊन, पिचकारीने नवा डिंक लावत चौकटीभोवती फिरले. जाड, काळी, एकसारखी दोरी. ती ओढून झाली की काच दहा मिनिटांत बसलीच पाहिजे, वर कातडी धरली की पकडत नाही. काचेला धरायच्या दोन रबरी वाट्या लावल्या. एका बाजूला ते, दुसऱ्या बाजूला मी. आता आत बसून काचेवरची रेघ सरळ आहे का ते सांगायला कुणीतरी हवं होतं.

"मी बसते," आई म्हणाली, आणि सीट काढलेल्या जागी उशी टाकून आत जाऊन बसलीसुद्धा.

आम्ही काच उचलली. वजन होतंच. आई आतून म्हणाली, "लई उशीर केलात बाबा तुमी. मी किती दिस झालं ह्या काचंसाठी खोळंबून हाय."

"मैं कां देर करा अम्मा?" चाचा काच तोलत म्हणाले. "काच तो सोमवारकूच आको पडी है. मॅडम बोले, शनिवारके पहले आनाच नक्को."

मग त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि जीभ चावली. माझे दोन्ही हात काचेला. पळायला जागा नाही. काचेच्या पलीकडे आई, माझ्यापासून दीड हातावर, माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, आता ती उतरणार.

"मॅडम, बाद में बोलो. डिंक सुकता है," चाचा म्हणाले. "अम्मा, बोलो, सीधा है क्या?"

आईने नजर माझ्यावरून काढून रेघेवर नेली. एक डोळा मिटला. "तिच्याकडनं खाली हाय," ती म्हणाली. "उचल जरा. आनिक. लई न्हाय. बास. आता टेकवा." तिचा आवाज मी ओळखला. घर सारवताना, बांधावर दगड रचून घेताना ती वडिलांनाही याच आवाजात सांगायची, आणि ते ऐकायचे. आम्ही काच टेकवली. चाचांनी तळहाताने सगळीकडून दाबली, कडांवर फूटपट्टी धरली आणि हसले. "अम्मा, दुकान में आते क्या कामकू?"

आई हसली. तोंड दाबून, पण हसली. आठ दिवसांनी.

वर पट्ट्या चिकटवून, सीट जागेवर बसवून चाचांनी नियम सांगितले. उद्या सकाळपर्यंत गाडी हलवायची नाही. पुढची एक खिडकी बोटभर उघडी ठेवायची आणि दार आपटायचं नाही, आतल्या हवेने ओली काच बाहेर ढकलली जाते. हे ऐकून आईने खुर्ची सावलीत ओढली आणि बसली, ती थेट जेवायलाच वर आली. शेजारच्या स्कूटरवाल्यालासुद्धा तिने डिकी हळू लावायला लावली. माझ्याशी मात्र एक शब्द बोलली नाही. मला तर चहा विचारायचंसुद्धा धाडस झालं नाही.

रविवारी सकाळी मी पट्ट्या काढल्या. काच घट्ट बसली होती, रेघ सुतासारखी सरळ. वर आले तर आई अंघोळ करून, धुतलेलं लुगडं नेसून तयार होती. पिशवी हातात.  ठरलं होतं तसंच चाललं होतं.

"बस जरा," ती म्हणाली. मी बसले.

"काच सोमवारी आलती?"

"व्हय." तिच्याशी बोलताना माझ्या तोंडून तिचीच भाषा निघते, ऑफिसातली बाई कुठे जाते कोण जाणे.

"आन तू मला रोज सांगत हुतीस, पुण्यात अडकलीया."

"व्हय."

"का गं?"

मी म्हणाले, "काच बसली की तू जाणार हुतीस म्हणून." आणि मग बांध फुटला. "मी त्या दिवशी बोलले ते चुकलं, आई. मला तू हितंच पाहिजेस. काही वाळवू नको, काही निवडू नको, नुसती बसून राहा. पण जाऊ नको." पन्नाशी ओलांडलेली बाई मी, लहान पोरीसारखी हुंदके देत होते, आणि आमचे हे स्वयंपाकघरात उगाच नळ सोडून उभे होते.

आईने पिशवी खाली ठेवली. मग म्हणाली, "मला वाटलं, ल्योक न्हाय, म्हनून लेकीला मला ठिवावं लागतंय. हात मोडला, टाकायचं कुटं, म्हनून. तुला मी पाहिजे हाय, ह्ये मला कवा कळायचं?"

"आता कळलं की."

"त्यो काचवाला बोलला म्हनून कळलं. तू बोलली असतीस का?"

मी मान हलवली. नसते बोलले, हे दोघींनाही माहीत होतं. तिने पदराने माझं तोंड पुसलं, जरा जोरातच, आणि उठली. "चल. नातेपुत्याला जायला उशीर व्हतोय."

मी तिच्याकडे बघत राहिले. एवढं बोलूनही ती निघाली होती.

"अशी काय बगतीस? आज सांजंला माघारी यायचं हाय की," ती म्हणाली. "घर झाडून, कुलूप लावून, किल्ली शेजारनीच्या सासूला देते. मागची शिट मोकळी ठिव. पलंग काय बसायचा न्हाय, पर माझी पेटी बसंल."

मी गाडीची किल्ली घेऊन तिच्या पुढे जिना उतरले. सीटवर, काल सीट काढताना उचलून पुन्हा तिथेच टाकलेली माझी छत्री, ऑफिसच्या दोन फायली आणि गेल्या हिवाळ्यापासून पडलेला स्वेटर होता. ते सगळं मी आधी बाहेर काढलं.